काय मोडलंय?

बसस्थानकाच्या मागच्या बाजूला, जिन्याखाली, जिथे एरवी कोणी झाडूसुद्धा ठेवणार नाही अशा जागी हरवलेल्या वस्तूंची खोली होती. तिला एक जाळीची खिडकी होती, आत लोखंडी मांडण्या आणि एक टेबल होतं, आणि टेबलामागे सव्वीस वर्षं एकच माणूस बसलेला होता. त्याचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, पण ते वाचायची वेळ कोणावर आली नव्हती. ड्रायव्हर, कंडक्टर, तिकीट खिडकीवरच्या बायका, सगळे त्याला हरवलेकाका म्हणायचे. पहिली दोन वर्षं तो चिडायचा. मग एकदा घरी फोन आला आणि बायकोनेच आतून हाक मारली, "अहो हरवलेकाका, तुमचा फोन," तेव्हा त्याने हात टेकले.

लोक काय काय विसरतात याची यादी करायला बसलं तर माणसावरचा विश्वास उडेल. छत्र्या, डबे आणि चष्मे तर रोजचेच. पण एका पायातला बूट विसरून दुसऱ्या पायावर घरी जाणारा माणूसही या जगात आहे, आणि कवळी सीटवर ठेवून उतरणाऱ्या आजीही आहेत. काकाला या लोकांबद्दल दया वगैरे काही नव्हती. सरकारने मूर्खपणावर कर लावला तर आपला डेपो देशाचा खर्च चालवेल, असं तो म्हणायचा. मात्र एका गोष्टीचा त्याला जबर अभिमान होता, आणि ती तो ओळख झाल्यावर पाच मिनिटांच्या आत ऐकवायचाच. सव्वीस वर्षांत त्याच्या खिडकीतून एकही वस्तू चुकीच्या हाती गेली नव्हती.

याचं गुपित एका प्रश्नात होतं. खिडकीवर माणूस आला आणि म्हणाला, "माझा डबा हरवलाय," की काका रंग, आकार, कंपनी, काही विचारायचा नाही. चष्म्यावरून बघायचा आणि विचारायचा, "काय मोडलंय?"

लबाड माणूस इथे हमखास फसायचा. तो म्हणायचा, "काही नाही, एकदम चकाचक आहे, चार कप्प्यांचा, स्टीलचा." खरा मालक एकही क्षण न थांबता सांगायचा, "मधल्या डब्याचं झाकण बसत नाही हो, कागद लावावा लागतो." कवळीवाल्या आजी म्हणाल्या होत्या, "डावीकडे टोचते मेली." काकाने कवळी दिली, आणि डावीकडे कानशीने घासून द्यायची तयारीही दाखवली. त्याचा सिद्धांत असा होता, की ज्याला वस्तू हवी असते तो तिचं कौतुक सांगतो आणि ज्याची असते तो तिची तक्रार सांगतो. हा सिद्धांत त्याने एकदाच, बायकोला सांगितला होता. ती म्हणाली, "तरीच. माझ्याबद्दल सव्वीस वर्षं नुसत्या तक्रारी ऐकतेय, म्हणजे मी तुमचीच म्हणायची."

आता नियम वेगळाच होता. नियमाप्रमाणे मागणाऱ्याने तेवीस रकान्यांचा अर्ज भरायचा, त्यात वस्तूची लांबी, रुंदी, कंपनी, कप्प्यांची संख्या असं सगळं लिहायचं, काकाने ते वस्तूशी ताडून बघायचं, आणि मग वस्तू द्यायची. काका काय करायचा? आधी वस्तू द्यायचा. मग "इथे सही करा" म्हणून कोऱ्या अर्जावर सही घ्यायचा. दुपारी जेवण झाल्यावर डोळ्यावर झापड आली की ती उडवायला सगळे अर्ज एका बैठकीत भरायचा. वस्तू नुकतीच हातातून गेलेली असायची, त्यामुळे लांबी-रुंदी अगदी बरोबर यायची. जिथे आठवायची नाही तिथे कल्पनाशक्ती होतीच. दर वर्षी तपासणीला येणारे लोक ती रजिस्टरं बघून मान डोलवायचे आणि शेरा मारायचे, "नोंदी आदर्श."

अशी सगळी झाकली मूठ सव्वा लाखाची चालली होती. निवृत्तीला सात महिने राहिले होते. निरोपाच्या सभेत डेपोसाहेब भाषण करतील, त्यात "एकही वस्तू चुकीच्या हाती गेली नाही" हे वाक्य असेल, बायको पहिल्या रांगेत बसून ते ऐकेल, इतकंच काकाचं स्वप्न शिल्लक होतं. आणि नेमका तेव्हाच वरून हुकूम आला, की खोलीचं काम संगणकावर घ्यायचं.

त्यासाठी एक मॅडम आल्या. तिशीच्या असतील. पायात साधे बूट, खांद्यावर जड पिशवी, आणि बोलताना समोरच्याकडे सरळ बघायची सवय. त्यांचं काम संगणक बसवणं नव्हतं. संगणकाला काय काय करता आलं पाहिजे ते आधी माणसांना विचारून घेणं, हे त्यांचं काम होतं. काकाला ही गोष्ट पटेना. "विचारायला पगार मिळतो?" त्याने कॅन्टीनवाल्याला विचारलं. कॅन्टीनवाला म्हणाला, "तुम्हालाही मिळतोच की." पण काका असल्या उत्तरांकडे लक्ष देत नसे.

पहिली बैठक डेपोसाहेबांच्या खोलीत झाली. साहेब फिरत्या खुर्चीत, मॅडम समोर वही उघडून, आणि काका कडेच्या खुर्चीवर, इस्त्रीच्या शर्टात, ताठ. मॅडम म्हणाल्या, "काका, एखादा माणूस खिडकीवर आला की तुम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत काय करता, ते तुमच्या शब्दांत सांगा."

काकाने साहेबांकडे पाहिलं. साहेब त्याच्याकडे बघत होते. त्या एका क्षणात त्याच्या मनात दोन विचार आले. एक, कोऱ्या अर्जावर सह्या घेतो हे इथे सांगितलं तर आपली आदर्श नोंद गेली. दुसरा विचार याहून कोता होता. आपलं सगळं कसब दोन शब्दांच्या प्रश्नात आहे. तो या बाईच्या वहीत उतरला, की उद्या या खुर्चीत कोणीही सोम्यागोम्या बसेल. मग सव्वीस वर्षं आपण केलं काय?

मग उचलली जीभ लावली टाळ्याला. "आधी अर्ज," काका म्हणाला. "तेवीस रकाने. एकही मोकळा चालत नाही. मग पडताळणी. मग वस्तू. त्याआधी वस्तू दाखवायचीसुद्धा नाही. आणि जमा करून घेणारा वेगळा, देणारा वेगळा, असा आपला दंडक आहे."

जमा करून घेणारा आणि देणारा दोन्ही तोच होता. पण त्याला आता स्फुरण चढलं होतं.

"आणि तुम्हाला संशय आला तर?" मॅडमनी विचारलं. "अर्ज बरोबर आहे, पण माणूस खोटा वाटतोय, असं झालं तर?"

"छे," काका म्हणाला. "नियमात बसलं की द्यायचं. आपल्या मनाचं इथे काही नाही."

साहेबांनी समाधानाने टेबलावर बोटं वाजवली. मॅडमनी ते वाक्य लिहून त्याखाली रेघ मारली.

त्या बाई काही ऐकीव गोष्टीवर विसंबणाऱ्या नव्हत्या. नुसतं ऐकून भागत नाही, कागद बघावे लागतात, म्हणून त्यांनी सहा वर्षांची रजिस्टरं मागवली. ती काकाच्या बोलण्याशी तंतोतंत जुळली. जुळणारच. कागदही काका आणि तोंडही काका. मग त्या म्हणाल्या, नुसते कागद बघूनही भागत नाही, काम प्रत्यक्ष बघावं लागतं. आणि एक दिवस सकाळी दहाला येऊन त्या खोलीतल्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या.

तो दिवस डेपोत अजून लोकांच्या लक्षात आहे. पहिलाच माणूस छत्री मागायला आला. काकाच्या जिभेवर तो प्रश्न आला होता, तो त्याने गिळला आणि अर्ज पुढे सरकवला. माणूस म्हणाला, "काका, ती बघा ना, समोरच दिसतेय, काडी वाकलेली." काका म्हणाला, "कृपया रकाना क्रमांक चार." लांबी मोजायला त्याने वर्कशॉपमधून टेप मागवली. दुसरा माणूस आला, तिसरा आला, रांग जिन्यापर्यंत गेली. छत्रीवाल्याची बस गेली, नंतरचीही गेली. पेपरवाला खिडकीतून डोकावून म्हणाला, "काका, बरं नाही का आज?" आणि काका पाठ ताठ ठेवून, कंपनीचं नाव सुवाच्य अक्षरात लिहीत राहिला. मॅडम घड्याळ लावून टिपणं काढत होत्या. एका वस्तूला सरासरी अडतीस मिनिटं, अशी नोंद झाली. एरवी दोन मिनिटं लागायची, पण ते तिथे कोण सांगणार.

महिन्याभरात मॅडमनी एकशेबारा पानांचा जाडजूड दस्तऐवज आणला. प्रत्येक पानावर काकाची सही हवी होती. "वाचून करा," त्या म्हणाल्या. "काही राहिलं असेल, चुकलं असेल, तर आत्ताच सांगा. नंतर बदलणं फार अवघड जातं." त्या खोलीत तेव्हा साहेब नव्हते, कोणीच नव्हतं. काकाने पहिलं पान वाचलं. त्यावर त्याच्या नावापुढे "मुख्य जाणकार" असं छापलेलं होतं. ते त्याने तीनदा वाचलं, आणि उरलेल्या एकशेअकरा पानांवर न वाचता सह्या केल्या.

मग ते यंत्र आलं. कानामागून आलं आणि तिखट झालं. मॅडमनी शब्दाला जागून, काकाने सांगितलं होतं ते सगळं, इकडची काडी तिकडे न करता, त्यात उतरवलं होतं. मांडण्या जाऊन कुलपाची कपाटं आली. वस्तू जमा करायला पलीकडे वेगळी खिडकी आणि वेगळा माणूस आला. काकाच्या पडद्यावर तेवीस चौकटी, प्रत्येकीपुढे लाल चांदणी. एक जरी मोकळी राहिली तरी पडदा पुढे सरकत नसे. तेवीसपैकी अठरा उत्तरं जुळली की पावती छापून येई आणि नेमकं तेच कपाट खट्कन उघडे. त्याआधी वस्तू कुठे आहे हे खुद्द काकालाही कळत नसे.

एक म्हातारा दहा दिवसांत चार वेळा आला. त्याची काठी हरवली होती. "कंपनी?" काकाला विचारावं लागलं. "काठी आहे," म्हातारा म्हणाला. "लांबी, सेंटीमीटरमध्ये?" म्हाताऱ्याने हात कमरेशी धरला, "एवढी." पडद्याला "एवढी" समजत नव्हतं. चौथ्या खेपेला म्हातारा म्हणाला, "राहू दे, भिंतीला धरून जाईन." काका खाली मान घालून बसला. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला की ओरडायचीही सोय राहत नाही.

आणि मग तो बॅगवाला आला. नीटनेटका, हसतमुख, घाईत असलेला. खांद्याला लावायची काळी बॅग, अमुक कंपनीची, इतके कप्पे, इतकी लांबी. दुकानांत ढिगाने मिळणारी बॅग होती ती. त्याने सगळं पाठ केल्यासारखं सांगितलं. काकाने सवयीने, जुन्या ओढीने विचारलं, "काय मोडलंय?"

"काही नाही. अगदी नवीन आहे."

वीस उत्तरं जुळली. खट्कन कपाट उघडलं. काकाने बॅग टेबलावर ठेवली. बॅगेचा पट्टा तुटलेला होता आणि निळ्या दोऱ्याने, बारीक नेटक्या टाक्यांनी, परत शिवलेला होता. पुढची चेन अर्ध्यावर अडकलेली होती.

काकाने पडद्यावर "नाही" म्हणायची जागा शोधली. तशी जागा नव्हती. नियमात बसलं की द्यायचं, आपल्या मनाचं इथे काही नाही, हे त्याचंच वाक्य तिथे यंत्र होऊन बसलं होतं. समोरचा माणूस पावतीवर टिचकी मारत होता, मागे रांग होती. काकाने बॅग दिली. खरं तर तो उठून दार लावू शकला असता, आरडाओरडा करू शकला असता. पण त्याने बॅग दिली, हे खरं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई आल्या. पन्नाशीच्या, गळ्यात मोजपट्टी तशीच लटकलेली, काढायची राहून गेलेली. टेलरबाई होत्या, पलीकडच्या गल्लीत त्यांचं छोटं दुकान होतं. काकाने पडदा तसाच ठेवला आणि हळूच विचारलं, "काय मोडलंय?"

"पट्टा तुटला होता," त्या म्हणाल्या. "शिवलाय मी. काळा दोरा संपला होता म्हणून निळ्याने. आणि पुढची चेन अडकते, तिला मेण लावायचं रोज उद्यावर ढकलते."

 आधी काकाने यंत्राच्या मागे लपून बघितलं. "नोंदीप्रमाणे बॅग काल मालकाला दिलेली दिसतेय," तो म्हणाला.

"मालक मी आहे हो."

"हो," काका म्हणाला. "तुम्हीच आहात. माझ्या हातून चुकीच्या माणसाला गेली."

टेलरबाई आत येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. म्हणाल्या, "बॅग गेली तर गेली. कात्री गेली, तीही परत घेईन. पण त्यात मापांची वही होती."

"मापं परत घेता येतील ना?" काका म्हणाला. आपलंच बोलणं त्याला ओशाळवाणं वाटलं.

"येतील की. पण खोटी येतील." त्यांनी गळ्यातली पट्टी हातात घेतली. "हे बघा, पट्टी पोटाला लागली की माणूस पोट आत घेतो. बायका घेतात, पुरुष जास्त घेतात. हुद्द्याचा माणूस असेल तर छातीपर्यंत चढवतो. त्या मापाचा शर्ट शिवला की पहिल्या जेवणाला बटण उडतं, आणि बोलणी कोणाला? मला. म्हणून मी पहिलं माप नुसतं घ्यायचं म्हणून घेते. लिहीत नाही. मग पट्टी गळ्यात टाकायची, घरचं विचारायचं. सून कशी आहे, गुडघे काय म्हणतात. माणूस बोलायला लागला की पोट आपसूक जागेवर येतं. तेव्हा हळूच पट्टी फिरवायची. वीस वर्षं अशी एकेकाची खरी पोटं गोळा केली होती मी त्या वहीत."

 काकाच्या डोळ्यांपुढे मॅडम आल्या, वही उघडून सरळ बघणाऱ्या. त्यांनीही पट्टी लावली होती, एकदा नाही, चार वेळा. आणि आपण प्रत्येक वेळी पोट आत घेऊन उभे होतो. आधी साहेबांपुढे, मग रजिस्टरांत, मग त्या अडतीस मिनिटांच्या दिवशी, आणि शेवटी एकशेबारा सह्यांत. बटण उडालं ते मात्र या बाईंच्या अंगावर.

"तक्रार लिहून देता?" त्याने विचारलं.

"कशाला? कागदावर तुमचंच खरं आहे." आणि त्या गेल्या.

तेच तर होतं. कागदावर सगळं स्वच्छ होतं. वीस उत्तरं जुळलेली, पावती छापलेली, सही घेतलेली. गप्प बसलं तर निरोपाच्या सभेतलं वाक्य शाबूत राहणार होतं, आणि ते खोटं आहे हे, चोर सोडला तर, जगात दोनच माणसांना माहीत असणार होतं. संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत जन्म गेला तुमचा. एकदा उघडून तरी बघा किती भरतेय ते."

पुढच्याच आठवड्यात बैठक होती. हीच पद्धत आणखी चौदा डेपोंत न्यायची, त्यावर शिक्कामोर्तब करायला मुख्य कार्यालयाचे दोन साहेब आले होते, आणि मॅडमही आपला दस्तऐवज घेऊन बसल्या होत्या. डेपोसाहेबांनी मोठ्या आवाजात आकडे वाचले. आधी एका वस्तूला अडतीस मिनिटं, आता अकरा. तक्रारी शून्य. वस्तू परत न्यायला येणाऱ्यांची संख्या निम्मी झाली होती, ती त्यांनी "गर्दीत पन्नास टक्के घट" अशी वाचली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग साहेब म्हणाले, "आमचे मुख्य जाणकार दोन शब्द बोलतील."

काका उठला. उठताना त्याच्या लक्षात आलं, की आपण आत्ताही पोट आत घेतलंय. त्याने ते सोडलं. शर्टाचं बटण ताणलं.

"मॅडम, मी तुम्हाला सांगितलं तसं काम मी एक दिवसही केलेलं नाही," तो म्हणाला. "रजिस्टरं मागाहून भरलेली आहेत, सगळी. अडतीस मिनिटं तुम्ही बसला होता म्हणून लागली. एरवी दोन लागतात. आणि मागच्या आठवड्यात माझ्या खिडकीतून एक बॅग चोराला गेली. यंत्राने बरोबर दिली. मी सांगितलं होतं तशीच दिली."

 डेपोसाहेब हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "काका थकलेत हो. निवृत्ती जवळ आलीय." मॅडमनी मात्र तो जाडजूड दस्तऐवज पुढे ओढला आणि पानं उलटली. प्रत्येक पानावर सही होती.

"सही माझी आहे," काका म्हणाला. "काम माझं नाही."

मॅडमचा चेहरा लाल झाला होता. "चार चार वेळा मी तुम्हाला विचारलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकदा तरी सांगायचं."

"साहेब बसले होते समोर."

"साहेब पहिल्या दिवशी बसले होते. नंतर मी एकटीच होते."

 काका म्हणाला, "चुकलं माझं. उद्या या. वही आणू नका."

त्या आल्या. वही न आणता आल्या, हे त्यांचं मोठेपण. काकाने आधी चहा मागवला, त्यांच्या घरचं विचारलं, आपल्या घरचं सांगितलं. मधल्या मधे खिडकीवर माणसं येत राहिली, आणि दर वेळी तो एकच प्रश्न विचारत राहिला. तिसऱ्या माणसानंतर मॅडम हसायला लागल्या. चौथ्या माणसाला त्यांनीच विचारलं, "काय मोडलंय?" काठीवाल्या म्हाताऱ्याला निरोप पाठवून बोलावून घेतलं. तो म्हणाला, "खालचं रबर गेलंय, फरशीवर टकटक वाजते." मॅडमनी कपाट स्वतः उघडून दिलं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं वाटत असेल, तर तुम्ही कधी कार्यालयात काम केलेलं नाही. मॅडमनी यंत्रात "काय मोडलंय" अशी एक चौकट घातली, आणि देणाऱ्याला "नाही" म्हणायचं बटणही ठेवलं. मुख्य कार्यालयाने चौकट मान्य केली आणि बटणाला तीन सह्यांची अट लावली, त्यातली एक सुट्टीवर असलेल्या साहेबांची. चौदा डेपोंत पद्धत ठरल्या तारखेलाच गेली. तिथल्या चौदा काकांनी बहुतेक ती नवी चौकट रोज दुपारी जेवणानंतर "निरंक" लिहून भरायला सुरुवात केली असेल. काकाला मेमो मिळाला, नोंदी मागाहून का भरल्या याचा खुलासा करावा. त्याने एका ओळीत खुलासा केला: "नियम माणसं बघून केलेला नव्हता आणि मी नियम बघून बोललो."

निरोपाच्या आठ दिवस आधी तो शर्टाचं कापड घेऊन टेलरबाईंकडे गेला. नव्या वहीची पानं अजून बरीच कोरी होती. त्यांनी पट्टी लावली. काका तसाच उभा राहिला, पोट जिथे होतं तिथे ठेवून. टेलरबाईंनी त्याच्याकडे वर बघितलं आणि पहिलंच माप वहीत लिहून घेतलं.

"घरचं नाही विचारलंत?" काका म्हणाला.

"गरज नाही पडली," त्या म्हणाल्या.

सभेला डेपोतली पन्नासेक माणसं होती. बायको पहिल्या रांगेत. मेमो देणारे डेपोसाहेबच भाषणाला उभे राहिले. भाषण त्यांनी सहा महिन्यांपूर्वी लिहून घेतलेलं असावं, कारण त्यातलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं. कर्तव्यनिष्ठा, शिस्त, आदर्श नोंदी, सगळं ओळीने आलं. मग त्यांनी आवाज चढवला, "आणि सव्वीस वर्षांत यांच्या खिडकीतून एकही वस्तू चुकीच्या हाती गेली नाही."

"एक," काका खुर्चीतून म्हणाला.

साहेबांनी कागदावरून मान वर केली. त्यांना वाटलं, आपल्याला काही चुकीचं ऐकू आलं.

"एक गेली," काका म्हणाला. "काळी बॅग. पट्टा तुटलेला होता, निळ्या दोऱ्याने शिवलेला."

मागच्या रांगेत काकाने मुद्दाम बोलावलेल्या टेलरबाई बसल्या होत्या, गळ्यात मोजपट्टी तशीच. बायकोने वळून त्यांच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. साहेबांनी थोडं खोकून पुढचा परिच्छेद वाचायला घेतला. काका खुर्चीत रेलून बसला होता, पोट सैल सोडून, आणि नव्या शर्टाचं बटण कुठेही ताणत नव्हतं.